बाजार सगळ्यांचा, पंगत एकाची : विक्का आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची सांगड कुठवर बसते

उत्तर आधी देऊन टाकू. मेणबत्ती, पौर्णिमा, ऋतूंचे सण, वनस्पती, मौन, गोल फिरून केलेली प्रार्थना हे सगळं ख्रिस्ती माणसाला आपल्या श्रद्धेत घेता येतं, आणि त्यातलं पुष्कळसं चर्चच्या परंपरेत आधीपासून आहे. विक्का या विसाव्या शतकात घडलेल्या धर्मातली देवी आणि देव, त्यांचं आवाहन, त्यांच्या नावानं घेतलेली दीक्षा हे मात्र येशूवरच्या श्रद्धेबरोबर एका वेदीवर बसत नाही. जे बसतं ते नीट कसं बसवायचं आणि जे बसत नाही ते का, हे खाली आहे.

प्रश्न फार जुना आहे. पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या बाजारात विकायला येणारं पुष्कळ मांस आधी कुठल्या ना कुठल्या देवळात वाहिलेलं असे. ख्रिस्ती माणसानं ते खावं का? येशूचा प्रेषित पौल यानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात दोन वेगळी उत्तरं दिली. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, असं पंचविसाव्या वचनात. आणि प्रभूच्या मेजाला बसायचं नि दुसऱ्याही मेजाला बसायचं हे जमणार नाही, असं एकविसाव्या वचनात. बाजारातली वस्तू कोणीही घ्यावी. पंगतीला बसलं की यजमानाशी नातं जोडलं जातं. पुण्याला हा फरक वेगळा समजावून सांगायची गरज नाही. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं. चहा प्रत्येकाच्या घरी होत असेल, पण तो कोणाकडे बसून प्यायला यावर शहर पेटलं होतं.

विक्कातली एखादी गोष्ट आवडली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही बाजारातली आहे की पंगतीतली?

विक्का नेमका काय आहे

मलायात कस्टम्स खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) या इंग्रज गृहस्थानं विक्का लोकांसमोर आणला. ब्रिटनमधला १७३५ चा जादूटोण्याविषयीचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, त्यानंतर त्याला उघडपणे लिहिता आलं. उपासनेतला बराचसा सुंदर मजकूर डोरीन व्हॅलियंट (१९२२–१९९९) यांच्या हातचा. जुन्या लोकरीती आणि एकोणिसाव्या शतकातली गूढविद्या यांतून विसाव्या शतकात घडलेला हा धर्म आहे. तो हजारो वर्षं गुप्तपणे चालत आला, हा दावा आज इतिहासकार मानत नाहीत. धर्म नवा आहे म्हणून तो हलका ठरत नाही, पण “ख्रिस्ती लोकांनी सगळे सण आमच्याकडून चोरले” असं कोणी म्हणालं तर सनावळी आठवावी.

गाभा थोडक्यात असा. एक देवी आणि एक देव. वर्षाचे आठ सण, शिवाय पौर्णिमेचे विधी. विधीआधी आखलेलं वर्तुळ, चार दिशांना चार तत्त्वं: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. साधनांमध्ये दुधारी सुरी, पेला, छडी आणि पंचकोन कोरलेली तबकडी. नीतीचा नियम असा, की कोणाला इजा होत नसेल तर तुला हवं ते कर. तुम्ही जे पाठवाल ते तिपटीनं परत येतं, असंही बरेच जण मानतात.

विक्कामध्ये सैतान नाही. त्यामुळे विक्का पाळणाऱ्याला सैतानपूजक म्हणणं हे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणं आहे, आणि ती आज्ञा ख्रिस्ती माणसाला लागू आहे. दुसरं, इंग्रजीत या लोकांनी स्वतःसाठी घेतलेला “विच” हा शब्द मराठीत “चेटकीण” असा उतरवू नका. आपल्याकडे त्या शब्दावरून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. “विक्का पाळणारी” एवढं पुरतं.

अडतं कुठे

पहिली अडचण पहिल्या आज्ञेची, निर्गम २०:३. माझ्यासमोर दुसरे देव नकोत. विक्कामध्ये देव दोन आहेत, आणि अनेक जण त्यांना वेगवेगळ्या संस्कृतींतल्या देवतांची नावं देतात. विक्का पाळणाऱ्याला येशू त्या मांडणीत आणखी एक म्हणून चालू शकतो. येशूच्या बाजूनं ते चालत नाही. म्हणून नकार बहुतेक वेळा चर्चकडून येतो.

दुसरी अडचण खरी कळीची आहे: प्रार्थना आणि मंत्रप्रयोग यांतला फरक. प्रार्थनेत मागणं असतं आणि “नाही” ऐकण्याची तयारी असते. मंत्रप्रयोगात योग्य वस्तू, योग्य वेळ, योग्य शब्द आणि एकाग्र इच्छा यांनी परिणाम घडवून आणायचा असतो. अनुवाद १८:१०–१२ मध्ये शकुन पाहणं, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं यांना मनाई आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद २११५ ते २११७ याच विषयावर आहेत, आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेली जादूही त्यात वगळलेली नाही. प्रेषितांची कृत्ये १९:१९ मध्ये इफिसच्या लोकांनी जाळलेल्या मंत्रांच्या पुस्तकांची किंमत पन्नास हजार रुपये, म्हणजे चांदीची नाणी, अशी दिली आहे. माणसांनी किती मोठी गोष्ट सोडली ते त्या आकड्यावरून कळतं.

दीक्षेची अडचण उघड आहे. बाप्तिस्म्यात माणूस एकाचा झालेला असतो. गार्डनरच्या परंपरेतल्या तीन पायऱ्यांच्या दीक्षा देवीसमोर शपथ घेऊन होतात. एका तोंडानं दोन शपथा घेतल्या तर एक तरी खोटी पडते. विक्काच्या जुन्या गटांनाही असा अर्धा माणूस नको असतो, हे लक्षात ठेवा.

वहीत तीन रकाने

एक वही घ्या. तुम्हाला ओढ वाटणारी प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत लिहा. “विक्का” असं एकत्र लिहू नका. “पौर्णिमेला गच्चीवर बसणं”, “वर्तुळ आखणं”, “टॅरोचे चित्रपत्ते काढणं”, “रोझमेरी जाळणं” असं सुटं सुटं लिहा. पुढे तीन रकाने.

पहिल्यात: हे करताना मी कोणाशी बोलतो? दुसऱ्यात: मी मागतो आहे की घडवतो आहे? तिसऱ्यात: हे माझ्या पाळकांना किंवा फादरना, आईला, मंडळीतल्या मैत्रिणीला मोकळेपणी सांगता येईल का?

पहिल्या रकान्यात देवाशिवाय दुसरं नाव आलं तर ती गोष्ट पंगतीतली. ती सोडायची. दुसऱ्यात “घडवतो” आलं तर कृती ठेवता येते, शब्द बदलावे लागतात. तिसऱ्यात “नाही” आलं तर घाई करू नका. लाज वाटते म्हणून लपवणं आणि मन टोचतं म्हणून लपवणं यांत फरक आहे, आणि तो एका दिवसात कळत नाही. चार आठवड्यांनी तीच ओळ पुन्हा वाचा.

हाच तराजू घरातल्या रीतींनाही लावा. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून दृष्ट काढणं पुण्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत चालतं. आजीनं नातवाच्या कपाळावर क्रूसाची खूण करून आशीर्वाद मागितला तर ती प्रार्थना. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून शेजारणीच्या नजरेवर संशय घेतला तर तो शकुन. परदेशातून आलेली गोष्ट तेवढी तपासायची आणि घरातली सोडायची, हे बरोबर नाही.

वर्तुळ

विक्कामध्ये नऊ फूट व्यासाचं वर्तुळ सांगितलेलं असतं आणि चारही दिशांच्या रक्षकांना बोलावलं जातं. अनेक ख्रिस्ती लोक इथे एक सोपी पळवाट काढतात: रक्षकांच्या जागी राफाएल, मीखाएल, गाब्रिएल आणि उरिएल ही देवदूतांची नावं घालतात. ती मांडणी लंडनमध्ये १८८८ साली निघालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळातून आली आहे. नावं बायबलच्या घरातली वाटली तरी काम तेच राहतं, हुकूम देऊन बोलावण्याचं. शिवाय व्हॅटिकनच्या २००१ च्या लोकभक्तीविषयक मार्गदर्शनात गाब्रिएल, राफाएल आणि मीखाएल यांच्याखेरीज देवदूतांना नावं देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. उरिएल तिथेच गळतो.

स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरच्या ख्रिस्ती लोकांची एक जुनी रीत आहे, तिला काइम म्हणतात. ती घ्या. उभं राहा. उजव्या हाताची तर्जनी कमरेच्या उंचीला समोर धरा. प्रदक्षिणेच्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, जागेवरच सावकाश एक फेरा घ्या. फेऱ्याला साधारण वीस सेकंद लागावीत. शब्द मराठीत, तुमचे: “पित्या, मला वेढून राहा. प्रभू येशू, शांती आत असू दे, भीती बाहेर असू दे. पवित्र आत्म्या, जे माझ्या जवळ आहेत आणि जे दूर आहेत, त्यांना याच वेढ्यात घे.” फेरा संपला की हात खाली. वर्तुळ “उघडायचं” किंवा “मोडायचं” नाही, कारण देवाला आपण कोंडलेलं नाही.

फरशीवर मिठाची रेघ ओढू नका. ओल्या गच्चीत मीठ पसरतं, कुंड्यांत गेलं की झाडं करपतात आणि लोखंडी कठड्याला गंज चढतो. जिन्यात किंवा लिफ्टसमोर तर अजिबात नको. सोसायटीत कोणाच्या दारात मीठ, लिंबू, खडूच्या खुणा दिसल्या की करणीचा बोभाटा व्हायला संध्याकाळ लागत नाही, आणि त्याचा त्रास एखाद्या एकट्या राहणाऱ्या बाईला होतो.

मेणबत्तीची प्रार्थना

पंधरा मिनिटांची ही रीत दोन्हीकडच्या लोकांना सर्वांत लवकर जुळते. पांढरी साधी मेणबत्ती पुरते. रंगाला अर्थ द्यायचा असेल तर चर्चचे रंग वापरा: नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात जांभळा, ख्रिस्तजन्म आणि पुनरुत्थानाच्या सणांना पांढरा, पुनरुत्थानाच्या सणापासून पन्नासाव्या दिवशी लाल. पैशासाठी हिरवी, प्रेमासाठी गुलाबी, असं कोष्टक मंत्रप्रयोगातलं आहे. ते घेतलं की मागणं हळूहळू यंत्रासारखं होऊ लागतं.

स्टीलच्या वाटीत तीन-चार सेंटिमीटर वाळू भरून मेणबत्ती रोवा. पंखा बंद. पडदा किमान एक हात लांब. कागदावर ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव आणि एक वाक्य लिहा. वाक्य लिहिताना सगळ्यात जास्त चुका होतात. “अमुकनं माझ्याशी लग्न करावं” हे दुसऱ्याच्या इच्छेवर हात टाकणं झालं, आणि विक्काच्या नियमातही ते बसत नाही. “अमुकचं आणि माझं भलं कशात आहे ते आम्हाला दिसू दे” हे मागणं झालं. शेवटी गेथशेमाने बागेतलं येशूचं म्हणणं आपल्या शब्दांत जोडा: माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे. ते मनापासून म्हणता येत नसेल तर त्या दिवशी नाव बाजूला ठेवा आणि नुसतं एक स्तोत्र वाचा.

कागद जाळू नका. बायबलमध्ये ठेवा आणि महिन्यानं काढून आभार माना किंवा पुन्हा मागा. मेणबत्ती पूर्ण जळली पाहिजे असा नियम नाही. विझवली तर प्रार्थना “तुटते” ही समजूत तुम्ही पुन्हा यंत्राकडे वळल्याची खूण आहे.

मेणबत्तीला तेल चोळून वरून सुकी पानं लावण्याची पद्धत चित्रांत छान दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक पान वेगळी वात बनतं आणि ज्योत एकदम उसळते. पानं वेगळ्या बशीत ठेवा. तेल चोळायचंच असेल तर याकोबाच्या पत्रातलं (५:१४) लक्षात घ्या: तेल आजारी माणसाला लावायचं, मंडळीतल्या वडील माणसांना बोलावून.

लोबान जाळायचा असेल तर एका निखाऱ्यावर चिमूटभर पुरतो. खिडकी उघडी हवी. बंद खोलीतल्या कोळशाचा वायू जीव घेऊ शकतो.

दारावरचा खडू

घराच्या रक्षणासाठी विक्काच्या पुस्तकांत बाटल्या, खिळे, खुणा असं बरंच असतं. ख्रिस्ती परंपरेत त्या जागी खडूची रीत आहे. ६ जानेवारीला, किंवा जवळच्या रविवारी, प्रकटीकरणाच्या सणाला खडू आशीर्वादित करून घेतात. मग दाराच्या चौकटीवर रोमन लिपीत लिहितात: वर्षाचे पहिले दोन आकडे, मग सी, एम, बी ही अक्षरं, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे, आणि प्रत्येकाच्या मध्ये क्रूसाची खूण. अक्षरांचा अर्थ लॅटिनमध्ये “ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो” असा, आणि लोकपरंपरेत मागी लोकांची कास्पर, मेल्खिओर, बाल्थाझर ही नावं. तारा पाहून निघालेल्या पूर्वेकडच्या त्या माणसांना बाळापर्यंत येऊ दिलं गेलं, हे आकाशाकडे पाहत बसणाऱ्याला धीर देणारं आहे.

सनमायकाच्या दारावर खडू टिकत नाही. चौकटीच्या आतल्या बाजूला, वर लिहा. भाड्याच्या घरात वीतभर पाटी घेऊन त्यावर लिहा आणि आत टांगा. खडू मिळाला नाही म्हणून आशीर्वाद अडत नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं दारात उभं राहून प्रार्थना करावी.

टॅरो आणि वचनाची चिठ्ठी

टॅरो सोडावा लागतो. “मी फक्त मनाचा आरसा म्हणून वापरतो” असं म्हणणारे प्रामाणिक असतात, पण चाचणी सोपी आहे: वाईट पान निघाल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवशीचा निर्णय बदलला का? बदलला असेल तर तो शकुन होता.

त्या जागी चार पायऱ्यांचं वाचन ठेवा, वीस मिनिटं. शुभवर्तमानातली सात-आठ वचनं सावकाश दोनदा मोठ्यानं वाचा. अडकलेल्या शब्दापाशी पाच मिनिटं थांबा. त्याबद्दल देवाशी बोला. शेवटची पाच मिनिटं काहीही बोलू नका. उतारा आधी ठरलेला हवा, चर्चच्या दैनंदिन वाचनातला. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन “माझ्यासाठी” मानायचं, हा टॅरोच आहे, फक्त पानं पातळ आहेत. नव्या वर्षाच्या उपासनेत वाटली जाणारी वचनाची चिठ्ठीही वर्षभर धीर देणारा शब्द म्हणून जपावी. तिच्यावरून नोकरी आणि स्थळं ठरवू नयेत.

देवी हवी वाटते तेव्हा

विक्काकडे वळणाऱ्या अनेकींची खरी तहान इथे असते. वर्षानुवर्षं फक्त “पिता” आणि “राजा” ऐकून मन कोरडं पडतं. ही तहान खरी आहे, तिला पाप म्हणून गप्प करू नका.

इथे पहिली चूक होते ती मारियामातेला देवी करण्याची. चौथ्या शतकात काही स्त्रिया मारियेला पोळ्यांचा नैवेद्य दाखवत. सालामिसचा बिशप एपिफानियस यानं तेव्हाच लिहून ठेवलं की मारियेचा मान राखावा, आराधना देवाची करावी. आजही कॅथलिक शिकवण हीच आहे. प्रोटेस्टंट मंडळी तर याहून आधीच थांबते.

बायबलमधलं मात्र कोणी हिरावून घेऊ शकत नाही. यशया ६६:१३ मध्ये देव आईसारखं सांत्वन करतो. यशया ४९:१५ मध्ये तो तान्ह्या बाळाच्या आईहूनही न विसरणारा आहे. लूक १३:३४ मध्ये येशू स्वतःला पिलं पंखाखाली घेणारी कोंबडी म्हणतो. नीतिसूत्रे ८ मध्ये ज्ञान स्त्रीच्या आवाजात बोलतं. हे चार उतारे महिनाभर, आठवड्याला एक असे, प्रार्थनेत घ्या.

आणि आपल्याकडे एक शब्द आहे: माउली. आळंदी-पंढरीच्या वाटेवर विठोबा विठाई होतो आणि ज्ञानोबा माउली होतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हीच भाषा उचलून ख्रिस्ताला माउली म्हटलं. मराठी ख्रिस्ती माणसाला देवाचं मायपण शोधायला इंग्लंडला जावं लागत नाही.

वर्षचक्र पुण्याच्या हवेत

विक्काचे आठ सण उत्तर युरोपच्या शेतीवर आणि उजेडावर बसवलेले आहेत. लंडनमध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांहून थोडा कमी असतो. पुण्यात तो अकरा तासांचा, आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. अंधाराची ती धास्ती इथे नाही. इथला मोठा बदल उजेडाचा नाही, पाण्याचा आहे. तारखा उचलून आणल्या तर सण कोरडे वाटतात, आणि तीन-चार महिन्यांत सगळं सुटतं.

चर्चच्या वर्षातून सुरुवात करा, मग हवामान जोडा. १ आणि २ नोव्हेंबरला सर्व संतांचा आणि मृतांचा दिवस: कबर स्वच्छ करणं, फुलं, मेणबत्ती, घरातल्या गेलेल्यांची नावं मोठ्यानं घेणं. विक्काचा साउइन हा सण ३१ ऑक्टोबरला, त्याच सुमारास. गेलेल्यांची आठवण काढा, देवाजवळ त्यांच्याविषयी बोला. त्यांना प्रश्न विचारू नका.

आगमनकाळाच्या चार रविवारांसाठी चार मेणबत्त्यांचं कडं करतात. सूचिपर्णी फांद्यांऐवजी आंब्याच्या डहाळ्या चालतात, पण त्या आठवड्यात सुकतात आणि सुकलेली पानं चटकन पेट घेतात. दर शनिवारी बदला.

१ फेब्रुवारीला आयर्लंडची संत ब्रिजिद. याच नावाची देवीही तिथे होती, म्हणून विक्कातही हा दिवस आहे. तिचा विणलेला क्रूस करून पाहण्यासारखा आहे. गव्हाच्या काड्या कोमट पाण्यात तासभर भिजवा. ज्वारीची ताटं जाड असतात, वाकवली की फुटतात. झावळीच्या पात्याच्या अर्ध्या सेंटिमीटर रुंद पट्ट्याही छान बसतात. वीतभर लांबीचे बारा ते सोळा तुकडे लागतील. एक उभा धरा. दुसरा मधोमध दुमडून पहिल्याच्या मध्यावर अडकवा, टोकं उजवीकडे. सगळं डावीकडे पाव फेरा फिरवा. पुढचा तुकडा दुमडून आधीच्या दोन्ही पदरांवरून अडकवा, टोकं पुन्हा उजवीकडे. असंच फिरवत जा. प्रत्येक दुमड ओढून घट्ट करा, नाहीतर काडी वाळल्यावर मधला चौकोन सैल होऊन सुटतो. शेवटी चारही हात दोऱ्यानं बांधा. २ फेब्रुवारीला चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, वर्षभराच्या तिथेच नेऊन घ्या.

पुनरुत्थानाचा सण चंद्रावरच चालतो: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पौर्णिमेची ओढ असणाऱ्यानं इथूनच धागा धरावा, आणि इतर पौर्णिमांना गच्चीवर स्तोत्र ८ किंवा १३६ म्हणावं. चंद्राला उद्देशून बोलू नये, आणि चंद्राची देवी आपल्या अंगी उतरवण्याचा विक्काचा विधी करू नये. तो शुद्ध पंगतीतला आहे.

२४ जून बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. पुण्यात तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. युरोपात या दिवशी पेटवतात ती होळी इथे भिजून जाईल. पहिल्या पावसाचं पाणी भांड्यात धरून आपल्या बाप्तिस्म्याची आठवण करणं या दिवसाला शोभतं. १ ऑगस्टचा पावाचा सण इथे नेमका चुकतो, कारण तेव्हा शेतात पिकं नुसती उभी असतात. तो ऑक्टोबरात न्या, नव्या बाजरीच्या भाकरीनं साजरा करा. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा आगेरा हा सुगीचा सण याच महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो.

वनस्पती

तुळस, गवती चहा, ओवा, लवंग कुंडीत किंवा मंडईत मिळतात आणि निर्धोक आहेत. परदेशी पुस्तकांतला धोतरा कधीही तोंडात, मलमात किंवा धुरात वापरू नका, तो विषारी आहे. सतापाचा रस कातडीवर लागून ऊन पडलं तर फोड येतात, आणि गरोदर बाईनं तो पोटात घेणं धोक्याचं आहे. सुगंधी तेलाची बाटली पिण्यासाठी नसते. निर्माल्य मुठेत टाकू नका, कुंडीत पुरा.

कायदा, घर आणि चर्च

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. घरात शांतपणे प्रार्थना करणाऱ्याला त्याची भीती नाही. चमत्काराचा दावा करून पैसे घेणं, एखाद्यावर करणीचा आळ घेणं, भूत उतरवायला मारणं, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं हे गुन्हे आहेत. समाजमाध्यमावर “विधी करून देतो, दक्षिणा अमुक” असं लिहिण्याआधी हे वाचा.

प्रभुभोजनाची भाकर किंवा ख्रिस्तप्रसाद कधीही घरच्या विधीसाठी आणू नका. कॅथलिक कायद्यात त्याला बहिष्कृतीची शिक्षा आहे, आणि तसं नसतं तरी तो त्या पंगतीचाच अपमान झाला असता.

घरी सांगताना “मी विक्का पाळते” या वाक्यानं सुरुवात केली तर आईला पुढचं काही ऐकू येणार नाही. वहीतली एक ओळ सांगा: “आई, मी रोज रात्री मेणबत्ती लावून पंधरा मिनिटं प्रार्थना करते, बसतेस का?” फादरना किंवा पाळकांना भेटताना वही बरोबर न्या आणि तिसऱ्या रकान्यात “नाही” आलेल्या ओळींपासून बोला. नगर रस्त्यावर ज्ञानदीप आणि बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी अशा मोठ्या धर्मशास्त्रीय संस्था पुण्यात आहेत, आणि अशा प्रश्नांचा गंभीरपणे अभ्यास करणारी माणसं या शहरात राहतात. पहिल्यांदा कोणी ओरडलं तर दुसऱ्याकडे जा.

तरीही दोन्ही हवंच असेल तर

स्वतःला ख्रिस्ती-विक्का म्हणवणारी माणसं जगात आहेत. त्या वाटेनं जायचं ठरवलंत तर मंडळीला ते ठाऊक असू द्या, आणि ठाऊक होईपर्यंत कोणाच्या बाळाचे धर्ममातापिता होऊ नका, रविवारच्या शाळेत शिकवू नका. तिथे तुम्ही दुसऱ्यांच्या वतीनं श्रद्धा कबूल करत असता. विक्काची दीक्षा घेण्याआधी त्यांच्याच परंपरेत एक वर्ष आणि एक दिवस थांबायची रीत आहे, ती पाळा. त्या वर्षात वहीत दर पौर्णिमेला एकच गोष्ट लिहा: या महिन्यात संकट आलं तेव्हा तोंडातून पहिलं नाव कोणाचं निघालं. तेरा नोंदी झाल्या की वही उघडा आणि पुन्हा फादरना भेटायची वेळ घ्या.